दबाईसाठी खारे पाणी : घनता तर मिळते, मग हरकत कोणत्या आधारावर घ्यावी?

वऱ्हाडी वाटसरू

नमस्कार मंडळी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्या खारपाणपट्ट्यात, एका ग्रामीण रस्त्याच्या कामावर मी गुणवत्ता तपासणीसाठी जातो. रस्ता साडेसात मीटर रुंद असून सरासरी पावणेदोन मीटर उंचीच्या भरावावर आहे. भरावासाठी परिसरातलीच पिवळसर गाळाची चिकणमाती, तिच्यावर सबग्रेडला (भरावाचा सर्वांत वरचा थर) सातपुड्याच्या पायथ्याचा मुरूम, मग जीएसबी (खडी-मुरमाचा पायाथर), खडीचा थर आणि शेवटी २० मिलिमीटरचे डांबरी कार्पेट व त्यावर सीलकोट, असा नेहमीचाच आराखडा आहे.

अडचण पाण्याची आहे. गावाला पिण्याचे पाणी वान धरणावरून नळयोजनेने येते आणि तेही रोज येत नाही, त्यामुळे त्यातले पाणी रस्त्यासाठी मागणे शक्यच नाही. कंत्राटदाराने शेजारच्या शेतातील बोअर भाड्याने घेतली आहे आणि तेच पाणी टँकरने मारून रोलर फिरवला जातो, म्हणजेच दबाई केली जाते. मी पाण्याचा नमुना तपासून घेतला. विरघळलेले क्षार लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम, त्यात क्लोराइड १.४ ग्रॅम, सामू ८.४ आणि बायकार्बोनेटचे प्रमाण बरेच आहे.

सँड रिप्लेसमेंटने (खणलेल्या खड्ड्यात वाळू भरून आकारमान मोजण्याची पद्धत) घेतलेली घनता मात्र प्रत्येक थराला अपेक्षेइतकी किंवा थोडी जास्तच मिळते आहे. निविदेत काँक्रीटच्या पाण्याबद्दल अटी आहेत, दबाईच्या पाण्याबद्दल स्पष्ट असे काहीच नाही. कंत्राटदाराचे म्हणणे असे की कोकणात खाडीचे पाणी मारूनही रस्ते उभे आहेत, तेव्हा हे तर त्याहून कितीतरी सौम्य आहे. मी हरकत घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणत्या आधारावर, यावर जाणकारांनी मत द्यावे.

दबाई

वाटसरू साहेब, ‘दबाई’ या टोपणनावाने लिहिणारा मी कंत्राटदारांच्या बाजूने काम केलेला माणूस आहे, म्हणून आधी त्यांची बाजू नीट मांडतो.

दबाईत पाण्याचे काम मर्यादित असते. कॅलिफोर्नियातील धरणांच्या कामावरून अभियंते प्रॉक्टर यांनी १९३३ साली जे दाखवून दिले ते इतकेच, की ठरावीक ऊर्जेला मातीची कमाल घनता एका ठरावीक ओलाव्यालाच मिळते. पाणी कमी असेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत, जास्त झाले तर पाणीच जागा अडवते आणि रोलरखाली माती रबरासारखी दबते व पुन्हा वर येते. हे पाणी गोडे असो की खारे, कण सरकवण्याचे काम ते सारखेच करते. उलट चिकणमातीत क्षारांमुळे कणांभोवतीचे पाण्याचे आवरण पातळ होते, त्यामुळे बऱ्याच मातींमध्ये खाऱ्या पाण्याने कमाल घनता किंचित वाढते आणि त्यासाठी लागणारा ओलावा किंचित घटतो. आपल्याला घनता थोडी जास्त मिळते आहे ती कदाचित त्यामुळेच.

शिवाय धुळीचा प्रश्न आहे. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतात म्हणून कच्च्या रस्त्यांवर ते मुद्दाम मारले जातात. म्हणजे रस्त्यात क्षार गेले की रस्ता संपला, असे काही नाही.

मृदगंध

दबाई यांनी लिहिलेले सगळे बरोबर आहे आणि तरीही त्याने प्रश्न सुटत नाही, कारण घनतेची चाचणी आपण दबाई झाल्याबरोबर घेतो आणि क्षारांचे काम त्यानंतर सुरू होते. पाणी उडून जाते किंवा झिरपून जाते, मीठ मात्र कुठे ना कुठे साचते. तेव्हा खाऱ्या पाण्याने दबाई होते का, हे विचारण्यापेक्षा ते मीठ पुढे कुठल्या थरात जाऊन बसणार, हे विचारायला हवे.

आधी थोडा हिशेब करू. वाटसरू यांच्या भरावात नैसर्गिक ओलाव्यावर सुमारे १० टक्के पाणी वरून घालावे लागत असेल आणि कोरडी घनता घनमीटरला १.५५ टन असेल, तर प्रत्येक घनमीटरला १५५ लिटर पाणी आणि त्यातून पाऊण किलोहून थोडे जास्त मीठ आत जाते. मातीच्या वजनाशी तुलना केली तर ते ०.०५ टक्के होते. हेच पाणी समुद्राचे असते, म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅमचे, तर घनमीटरला साडेपाच किलो, म्हणजे ०.३५ टक्के झाले असते. त्या अर्थाने कंत्राटदार खोटे बोलत नाही.

पण हा हिशेब एकदाच पाणी मारले असे धरून केलेला आहे. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी मारलेले पाणी रोलर पोचेपर्यंत उडते, मग पुन्हा टँकर फिरतो, दुसऱ्या दिवशी वरचा थर टाकण्याआधी खालचा थर पुन्हा भिजवला जातो. दर वेळी पाणी उडते आणि मीठ तिथेच राहते. तेव्हा वापरलेले पाणी ओलाव्याच्या टक्क्यांवरून मोजू नये, टँकरच्या नोंदवहीवरून मोजावे. नोंदवहीतले पाणी हिशेबी पाण्याच्या दुप्पट-तिप्पट निघाले तर मीठही तितकेच पट झाले.

आणखी एक बारीक गोष्ट चाचणीची आहे. भट्टीत नमुना वाळवला की पाणी जाते, मीठ मातीतच राहते आणि कोरड्या मातीच्या वजनात धरले जाते. आपल्या बोअरच्या पाण्याने हा फरक नगण्य येईल. समुद्राचे पाणी १२ टक्के वापरले तर मात्र कोरडे वजन ०.४ टक्क्यांनी फुगते, आणि जिथे सबग्रेडला (प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या) ९७ टक्के दबाईची अट आहे तिथे ९६.६ चा थर कागदावर ९७ होऊन जातो. म्हणून प्रयोगशाळेत कमाल घनता काढणारी प्रॉक्टर चाचणीही जागेवरच्याच पाण्याने करून घ्यावी. नळाच्या पाण्याने काढलेली कमाल घनता आणि खाऱ्या पाण्याने दाबलेला थर यांची तुलना करणे बरोबर नाही.

खाडीकाठ

कोकणचे नाव निघाले आहे म्हणून लिहितो. रायगड आणि रत्नागिरीकडे भरावाला खाडीचे पाणी मारलेले मी पाहिले आहे, आणि त्यातले बरेचसे भराव खरोखरच चांगले आहेत. पण त्याचे श्रेय पाण्याला नाही, आमच्या पावसाला आणि मातीला आहे. जांभ्याचा मुरूम पाझरणारा असतो आणि त्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भराव एका पावसाळ्यात उघडा राहिला तर त्यातले बरेचसे मीठ धुऊन जाते. ते शेजारच्या भातखाचरात किंवा विहिरीत जाते ही गोष्ट वेगळी, आणि त्याबद्दल शेतकरी जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखे नाही. अकोल्याकडे सात-आठशे मिलिमीटर पाऊस आणि घट्ट चिकणमाती असताना कोकणचा दाखला देणे योग्य नाही.

आमच्याकडेही जिथे घाई झाली तिथे त्रास झाला. मे महिन्यात खाडीच्या पाण्याने दबाई, लगेच प्राइम कोट (डांबरी थराआधी मारायचा पातळ डांबरी लेप) आणि पाऊस यायच्या आत डांबर, असे जिथे झाले तिथे मीठ आत कोंडले गेले.

एक सूचना सर्वांसाठी आहे. खाडीच्या पाण्याचा अहवाल बघताना नमुना कोणत्या महिन्यात आणि भरतीला की ओहोटीला घेतला, हे आधी बघावे. नोव्हेंबरात नदीचा प्रवाह जिवंत असतो, तेव्हा त्याच काठावर जवळजवळ गोडे पाणी मिळते आणि मे महिन्यात तिथेच समुद्राइतके खारे मिळते. काम मेमध्ये आणि अहवाल नोव्हेंबरचा, ही फाइल मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे.

वऱ्हाडी वाटसरू

मृदगंध, टँकरची नोंदवही मागवतो, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पण ०.०५ टक्के काय किंवा ०.१५ टक्के काय, इतक्या मिठाने दोन मीटरच्या भरावाचे नेमके काय बिघडणार, हे अजून कळले नाही. इथल्या जमिनीत मुळातच क्षार आहेत. भरावाच्या मातीतही ते असतीलच.

मृदगंध

हाच मुद्दा आहे आणि तो जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण खारपाणपट्ट्यातले पाणी आणि समुद्राचे पाणी हे दोन वेगवेगळे आजार आहेत.

समुद्राच्या पाण्यात सोडियम भरपूर असले तरी सोबत मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही असतात. आपल्या बोअरच्या पाण्यात सोडियम आहे आणि बायकार्बोनेट आहे. बायकार्बोनेट मातीतल्या कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात खाली बसवते, त्यामुळे मातीच्या कणांवर सोडियमला मोकळे रान मिळते. चिकणमातीच्या कणांवर सोडियम बसले की ते कण एकमेकांना धरून राहत नाहीत. जोपर्यंत आजूबाजूचे पाणी खारे आहे तोपर्यंत हे दिसत नाही, कारण खाऱ्या पाण्यात कण गुठळी करूनच राहतात. पावसाचे गोडे पाणी आत शिरले, सुटे मीठ धुतले गेले आणि कणांवरचे सोडियम तेवढे मागे राहिले, की माती पाण्यात दुधासारखी विरघळायला लागते. भरावाच्या उतारावर घळी पडतात, आत बोटाएवढी बिळे तयार होतात आणि ती वाढत जाऊन साइड पट्टी खाली बसते. भराव फुटलेला दिसतो तेव्हा सगळे म्हणतात की दबाई कमी झाली होती. दबाई पुरेशी असते, पण मातीचा स्वभाव बदललेला असतो.

आकडेच घ्या. लिटरमागे ५ ग्रॅम क्षार, त्यातला बहुतेक धनभार सोडियमचा धरला तर लिटरला सुमारे ७५ मिलीइक्विव्हॅलंट (विद्युतभारावरून मोजण्याचे एकक) सोडियम येते. १०० ग्रॅम मातीत १० मिलिलिटर पाणी गेले म्हणजे पाऊण मिलीइक्विव्हॅलंट. अशा गाळाच्या चिकणमातीची विनिमय क्षमता, म्हणजे कणांवर सोडियम-कॅल्शियमसारखे घटक धरण्याची क्षमता, १०० ग्रॅमला ४० च्या आसपास धरली आणि सगळे सोडियम कणांवर बसले असे मानले, तर विनिमयी सोडियम, म्हणजे त्या क्षमतेतला सोडियमचा वाटा, जास्तीत जास्त दोन टक्क्यांनी वाढेल. तिप्पट पाणी मारले असेल तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास. पाठ्यपुस्तकात सोडियमयुक्त जमिनीची सीमा १५ टक्के दिलेली असते, त्यामुळे हे किरकोळ वाटेल. पण पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींच्या अभ्यासात असे दिसले आहे, की तिथे हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास गेले तरी निचरा बिघडू लागतो. ज्या मातीत आधीच तीन-चार टक्के आहे तिला आणखी दोन टक्के द्यायचे की पाच, हा फरक किरकोळ नाही. वाटसरू म्हणतात तसे मातीत मुळातच क्षार आहेत, आणि नेमक्या त्याच कारणाने पाण्याबाबत इथे कोकणापेक्षा अधिक जपावे लागते.

याची एक साधी चाचणी जागेवरच करता येते. भरावाच्या दाबलेल्या मातीचा सेंटिमीटरभराचा खडा घ्या आणि काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड वॉटर भरून त्यात अलगद सोडा. पाणी ढवळायचे नाही. खडा नुसता ढासळून तळाला बसला आणि वरचे पाणी नितळ राहिले, तर चिंता नाही. खड्याभोवती धुरकट ढग उठून तळाशी पसरू लागला आणि तासाभराने ग्लास गढूळ झाला, तर ती माती विखुरणारी आहे. दुसऱ्या ग्लासात बोअरचे पाणी घेऊन हाच प्रयोग केला तर पाणी स्वच्छ राहील, त्यामुळे जागेवर उपलब्ध पाण्यातच चाचणी उरकणाऱ्यांना सगळे ठीक दिसते. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून कनिष्ठ अभियंत्यांना दाखवले तर फार समजवावे लागणार नाही.

परदेशी मुरूम

मी काही वर्षे नामिबियात रस्त्यांच्या कामावर होतो. तिथे स्वाकोपमुंड आणि वॉल्विस बे या किनारी भागांत जे मिठाचे रस्ते म्हणून ओळखले जातात, ते जिप्समयुक्त मातीवर अतिखारे पाणी मारून आणि दाबून बनवलेले असतात. वरून डांबर नसते, तरी पृष्ठभाग डांबरी रस्त्याइतका घट्ट आणि काळपट दिसतो. हे चालते कारण तिथे वर्षाला २५ मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि समुद्रावरून येणारे धुके तो पृष्ठभाग जेमतेम ओलसर ठेवते. तरीही धुके दाट असले की तो रस्ता भयंकर निसरडा होतो. ते तंत्र उचलून आपल्याकडे आणता येणार नाही, हे सांगायला नको.

आफ्रिका खंडाच्या त्याच दक्षिण भागात या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. बोट्स्वानामध्ये क्षारपड भागातल्या रस्त्यांचे आणि धावपट्ट्यांचे पातळ डांबरी थर मिठामुळे उखडले, आणि त्यावर तिथल्या रस्ते विभागाला स्वतंत्र मार्गदर्शिका काढावी लागली. काय होते ते सांगतो. खालच्या थरातले पाणी केशाकर्षणाने, म्हणजे मातीतल्या बारीक पोकळ्यांतून, वर चढते, सोबत मीठ आणते. प्राइम कोट काही काचेसारखा बंद नसतो, त्यातून वाफ निघून जाते आणि मीठ त्याच्या अगदी खाली स्फटिक होऊन बसते. स्फटिक वाढले की प्राइमचा पापुद्रा वर उचलला जातो. जवळ वाकून पाहिले तर पृष्ठभागावर नाण्याएवढे फुगे आलेले असतात, अंगठ्याने दाबले की फुगा फुटतो आणि आत पांढरी भुकटी व भुसभुशीत झालेला वरचा थर सापडतो.

यात गंमत अशी की वर्दळीच्या चाकोरीत हे कमी दिसते, कारण चाके ते स्फटिक सतत दाबत राहतात. नुकसान दिसते ते कडेला, साइड पट्टीवर, कमी वाहनांच्या रस्त्यांवर आणि प्राइम मारून आठवडेच्या आठवडे उघड्या ठेवलेल्या लांबीवर. जाड डांबरी थर मीठ बरेच सहन करतो, कारण त्यातून वाफच जात नाही. वाटसरू यांचा रस्ता ग्रामीण, वर्दळ कमी आणि वर अवघे २० मिलिमीटरचे कार्पेट. तेव्हा या जोखमीचे सगळे घटक तिथे जमलेले आहेत. भरावात काय करायचे ते करा, पण सबग्रेडपासून वर खारे पाणी अजिबात नको.

दबाई

मला वाटते आता चर्चा जागेवर येत आहे. भराव आणि वरचे थर वेगळे काढले तर कंत्राटदारालाही ऐकता येईल असे काहीतरी निघते. मी साडेसात मीटर रुंदी, पावणेदोन मीटर उंची आणि एकास दोन उतार धरून किलोमीटरचा हिशेब केला. सबग्रेडच्या खालचा भराव १६ ते १७ हजार घनमीटर होतो आणि त्याला बाष्पीभवन सोडून सुमारे २,५०० घनमीटर पाणी लागते, म्हणजे १० हजार लिटरचे अडीचशे टँकर. सबग्रेडचे ३०० मिलिमीटर, जीएसबी आणि खडीचा थर मिळून साडेतीनशे ते चारशे घनमीटर लागते, म्हणजे ३५ ते ४० टँकर, उन्हाळ्याचे बाष्पीभवन धरून साठ म्हणा. एवढे गोडे पाणी लांबून आणणे जमण्यासारखे आहे. शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी मिळत असेल तर तेही चालेल, मात्र त्याच्या क्षारांचा अहवाल घ्यावा. सगळ्याच कामाला गोडे पाणी पाहिजे असा हट्ट धरला, तर कंत्राटदार मान डोलावेल आणि रात्री बोअर चालू करेल, हे मी अनुभवाने सांगतो.

भरावाचे पाणी वाचवण्याचा खरा उपाय वेळापत्रकात आहे. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, खाणीतल्या मातीचा ओलावा लागणाऱ्या ओलाव्याच्या जवळच असतो. तेव्हा भराव उरकला तर पाणी जेमतेम शिंपावे लागते. उन्हाळ्यात करायचेच असेल तर माती रस्त्यावर पसरून भिजवण्यापेक्षा खाणीतच आदल्या रात्री पाणी सोडून मुरवावी. त्याने पाणीही कमी उडते आणि ढेकळेही आतपर्यंत भिजतात.

मृदगंध

अडीचशे टँकरमधून बोअरचे पाणी गेले तर किलोमीटरला जवळजवळ १३ टन मीठ होते, तेवढे मात्र त्या हिशेबात जोडून ठेवावे. बाकी दबाई यांच्याशी मी सहमत आहे. खाणीत भिजवण्याचा उपाय खाऱ्या पाण्यापुरता दुहेरी फायद्याचा आहे, कारण पुन्हा पुन्हा शिंपणे टळते.

भरावात खारे पाणी वापरायचेच ठरले तर तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. सबग्रेडच्या खाली जाड वाळूचा किंवा खडीचा केशाकर्षण तोडणारा थर द्यावा. इंडियन रोड्स काँग्रेसचे आयआरसी ३४ हे मार्गदर्शक पाणथळ आणि क्षारग्रस्त भागांतील रस्त्यांसाठीच आहे आणि त्यात या थराचा विचार आहे. दुसरे, भरावाच्या बाहेरच्या बाजूचा अर्धा-पाऊण मीटर भाग न विखुरणाऱ्या मातीचा किंवा मुरमाचा करावा, म्हणजे पावसाचे पाणी थेट सोडियमवाल्या मातीला लागणार नाही, आणि त्यावर हरळी लावावी, ती खार बऱ्यापैकी सोसते. तिसरे, असा मुरूम मिळाला नाही तर बाहेरच्या थरात शेतीचे जिप्सम मिसळता येते, त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. मात्र जिप्सम म्हणजे सल्फेट, त्यामुळे मोरीच्या पाइपाजवळ आणि काँक्रीटच्या भिंतीजवळ ते वापरायचे नाही.

सह्याद्रीचा शाखा अभियंता

निवृत्त असल्याने आता फाइल नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. वाटसरू यांचा मूळ प्रश्न हरकतीच्या आधाराचा होता आणि त्याकडे कोणी वळलेले नाही.

दबाईच्या पाण्याची वेगळी अट नसली तरी मालाची अट असते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांच्या ३०५ व्या भागात भरावासाठी अयोग्य मालाची यादी आहे. त्यात दलदलीची माती, ७० पेक्षा जास्त द्रवसीमा (माती पातळ होऊन वाहू लागते तो ओलावा) आणि ४५ पेक्षा जास्त सुघट्यता निर्देशांक (माती मळता येण्याजोगी राहते त्या ओलाव्याचा पल्ला) असलेली चिकणमाती यांच्यासोबत, ज्यातील क्षार भरावात धुपून निघतील असा मालही मोडतो. माती स्वतः ठीक असेल आणि पाण्याने आपण तिला त्या वर्गात ढकलत असू, तर आक्षेप तिथेच नोंदवता येतो. त्याच भागात असेही म्हटले आहे, की एक भाग मातीला दोन भाग पाणी या प्रमाणात काढलेल्या मातीच्या अर्कात लिटरला १.९ ग्रॅमहून जास्त सल्फेट असेल, तर तो माल काँक्रीटपासून किंवा सिमेंटने बांधलेल्या थरापासून ५०० मिलिमीटरच्या आत टाकू नये, आणि एकूण सल्फेट अर्ध्या टक्क्याहून जास्त असलेला माल लोखंडी भागांपासून तेवढाच दूर ठेवावा. ग्रामीण रस्त्यांचे विनिर्देशांचे पुस्तक वेगळे आहे, तेव्हा करारात कोणते पुस्तक लागू आहे ते आधी पाहून कलम उद्धृत करावे.

काँक्रीटबाबत तर वादच नको. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे मिसळण्याच्या पाण्यात क्लोराइड साध्या काँक्रीटला लिटरमागे २,००० मिलिग्रॅमपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. आपल्या बोअरचे १,४०० आहे. त्यामुळे मोरीच्या तोंडाच्या भिंती साध्या काँक्रीटच्या असतील तर क्लोराइडपुरते ते बसते, स्लॅबला किंवा सळई असलेल्या कोणत्याही भागाला बसत नाही. जागेवर एकच टाकी असते आणि दोन्हीकडे तेच पाणी जाते, हा खरा धोका आहे. दबाईची टाकी आणि काँक्रीटची टाकी वेगळ्या करून त्यांवर रंगाने लिहून घ्या. माझ्या मते या कामावरची पहिली सूचना हीच असावी.

एक अवांतर, पण उपयोगाचे. पुढे कोणाच्या कामात लोखंडी पट्ट्यांची सशक्त मातीची भिंत (भरावात पट्ट्या पुरून उभी धरलेली) असेल तर तिच्यामागच्या भरावाला खारे पाणी लावूच नये. अमेरिकी महामार्ग प्रशासनाच्या मार्गदर्शनात अशा भरावातल्या क्लोराइडची मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग, म्हणजे ०.०१ टक्के आहे. वाटसरू यांच्या सौम्य पाण्याच्या एका शिंपणातच ती ओलांडली जाईल.

खाडीकाठ

टाकीचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. आमच्याकडे क्युरिंगचे पोतेही त्याच पाण्यात भिजवतात आणि मग सळईवरचे कव्हर काही वर्षांत का सुटले, यावर बैठक भरते.

वऱ्हाडी वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. दोन ग्लासांची चाचणी आज जागेवर केली. डिस्टिल्ड वॉटरच्या ग्लासात पिवळ्या मातीच्या खड्याभोवती ढग उठला, बोअरच्या पाण्याच्या ग्लासात उठला नाही. डोंगरपायथ्याच्या मुरमाला दोन्हीकडे काही झाले नाही. टँकरची नोंदवही मिळाली आहे, पण तिच्यात फेऱ्यांची संख्या आहे आणि रस्त्याच्या कोणत्या टप्प्याला (साखळीला) किती पाणी गेले याची नोंद नाही, ती उद्यापासून घ्यायला सांगितली आहे.

अहवालात असे लिहिण्याचा विचार आहे: झालेला भराव तोडू नये, त्यावर केशाकर्षण तोडणारा वाळूचा थर द्यावा, उतारांना मुरमाचे आच्छादन करावे, सबग्रेडपासून वर आणि मोरीच्या दोन्ही बाजूंना खारे पाणी बंद करावे, आणि काँक्रीटची टाकी वेगळी ठेवावी. वाळूच्या थराचा खर्च कोणी सोसायचा यावर वाद होणार, हे दिसतेच आहे. आता एकच शंका आहे. झालेल्या भरावात मीठ किती आहे हे पाहण्यासाठी नमुने कोणत्या खोलीवर घ्यावेत?

मृदगंध

वरच्या पृष्ठभागाचे ५० मिलिमीटर वेगळे खरवडून एक नमुना घ्या, मग ५० ते १५० मिलिमीटरचा दुसरा आणि तिसरा अर्धा मीटर खोलीवरचा. तिन्ही एकाच पिशवीत मिसळू नका, कारण उन्हाळ्यात मीठ वरच्या कातडीत गोळा झालेले असते आणि सरासरी काढली की ते दिसेनासे होते. अर्काची विद्युतवाहकता, सामू, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड आणि सल्फेट तपासायला सांगा. वरचे ५० मिलिमीटर फारच खारे निघाले तर वाळूचा थर टाकण्यापूर्वी ग्रेडरने तेवढी कातडी काढून बाहेर नेता येईल, आणि ते काम पाऊस पडण्याच्या आत करावे, नंतर ते मीठ पुन्हा आत उतरेल. खरवडलेली माती कुणाच्या शेताच्या बांधावर टाकू देऊ नका.

दबाई

आणि खर्चाच्या वादासाठी अहवालाला नोंदवहीची प्रत जोडा. फेऱ्यांची संख्या कंत्राटदाराच्याच माणसाच्या सहीची असेल, तर पाणी किती मारले यावर तरी भांडण होणार नाही.